पडलेल्या माणसाला परत घ्यायचं कसं? ख्रिस्ती तारण आणि कृपा, सोप्या शब्दांत

"तुमचं ख्रिस्ती लोकांचं बरं असतं. आठवडाभर वाटेल ते करा, रविवारी चर्चमध्ये जाऊन माफी मागा, की पाटी कोरी!"

हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याला खरंच तसं वाटत असतं. आणि असं वाटावं असे प्रसंग आमच्याकडून घडतातही. एखाद्या नामांकित प्रचारकाची भानगड उघडकीला येते. चार महिने तो दिसत नाही, मग एके दिवशी व्यासपीठावर उभा राहून रडतो, "प्रभूने मला क्षमा केली" म्हणतो आणि सभागृहात टाळ्या पडतात. ज्यांचं त्याने नुकसान केलं ती माणसं त्या सभागृहात नसतात. मग बाहेरच्या माणसाने विचारलं की, "ही तुमची कृपा म्हणजे सोयीचा धंदा आहे का?", तर त्याचं काय चुकलं?

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर सुरुवात दोन शब्दांपासून करावी लागेल.

तारण: गहाण पडलेलं सोडवून आणणं

मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, इफिसकरांस पत्रात 'खंडणी भरून मिळवलेली मुक्ती' असे शब्द येतात. आजच्या वाचकाला खंडणी म्हटलं की गुंड आणि धमकीचे फोन आठवतात, म्हणून हे वाक्य कानाला विचित्र लागतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे. युद्धात पकडलेला माणूस किंवा गुलाम सोडवायचा तर त्याची किंमत मोजावी लागे. त्या मोजलेल्या किमतीचा आणि त्यातून झालेल्या सुटकेचा हा शब्द.

आपल्याकडे याला जवळचा अनुभव म्हणजे गहाण टाकलेला दागिना. अडचणीत आईच्या पाटल्या पतपेढीत गेल्या. पाटल्या आपल्याच, पण ताबा दुसऱ्याचा. त्यांच्याकडे बघून कितीही रडलं तरी त्या घरी येत नाहीत. कुणीतरी जाऊन मुद्दल आणि व्याज भरतं, पावती फाडली जाते, तेव्हा आपण म्हणतो, "पाटल्या सोडवून आणल्या." ख्रिस्ती माणूस 'तारण झालं' म्हणतो ते याच अर्थाने. माणूस देवाचाच, पण पापाच्या ताब्यात गेलेला. येशूने क्रुसावर स्वतःचा जीव देऊन त्याला सोडवला, ही श्रद्धा. तुम्ही ती मानावी असा माझा आग्रह नाही. एवढंच लक्षात ठेवा, की या हिशेबात कुणीतरी किंमत भरलेली आहे. फुकट काहीच सुटलेलं नाही.

मग कृपा म्हणजे काय?

जी कमावलेली नसते ती कृपा. पौल या प्रेषिताचं, म्हणजे येशूचा संदेश पसरवणाऱ्याचं, एक वाक्य आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतं: "पापाचे वेतन मरण आहे, पण देवाचे कृपादान सार्वकालिक जीवन आहे." एका बाजूला वेतन, दुसऱ्या बाजूला दान. पगार मागता येतो, त्यासाठी भांडता येतं. दानावर हक्क सांगता येत नाही.

येशूने सांगितलेल्या एका दाखल्यात एका चाकराच्या डोक्यावर राजाचं 10,000 तालांत कर्ज असतं. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई. आजची मजुरी रोजची 500 रुपये धरली तर हे कर्ज 3,000 कोटींच्या घरात जातं. तो म्हणतो, "मला वागवून घ्या, सगळं फेडीन." किती जन्मांत फेडणार होता? राजा सगळं सोडून देतो. बाहेर पडल्यावर याला एक सोबती भेटतो, ज्याच्याकडून याचे 100 दिनार येणं असतात, म्हणजे 50,000 रुपये. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

ऐकणाऱ्याला चाकराचा राग येतो, पण माझं लक्ष राजाकडे जातं. 3,000 कोटी गेले कुठे? ते राजाच्या खजिन्यातूनच गेले. तुम्ही मित्राला 50,000 रुपये उसने दिले आणि त्याची परिस्थिती बघून एक दिवस "राहू दे" म्हणालात, तर त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, पण जूनमध्ये मुलीची फी भरायची जुळवाजुळव तुम्हालाच करावी लागते. क्षमा करणाऱ्याच्या खिशाला चाट बसतेच. मराठीतली प्रभूची प्रार्थना म्हणूनच ऋणाची भाषा बोलते: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." दर रविवारी आम्ही हे घडाघडा म्हणतो. सावकाश म्हटलं तर घशात अडकावं असं वाक्य आहे.

"करावे तसे भरावे" याचं काय?

मराठी माणसाचा हा पहिला आक्षेप, आणि रास्त आक्षेप. केलेल्याचं फळ भोगायलाच हवं, मधेच कुणी माफ करून टाकलं तर न्याय कुठे राहिला?

पौल स्वतः गलतीकरांना लिहितो, की माणूस जे पेरतो त्याचंच त्याला पीक मिळेल. म्हणजे हा नियम ख्रिस्ती शास्त्रातही आहे. दावीद राजाने बथशेबेला आपल्याकडे आणवलं आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मुद्दाम पुढे धाडून मारवलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर दावीद "मी पाप केलं आहे" म्हणाला, आणि क्षमेचा शब्दही त्याला तिथेच मिळाला. पण त्याच्या घरातली तलवार काही शांत झाली नाही. पुढे मुलगे एकमेकांच्या जिवावर उठले. क्षमेने देवाशी तुटलेलं नातं जुळलं, घडलेलं पुसलं गेलं नाही.

शिवाय कृपेची ओढ आपल्या मातीला नवी नाही. 'पतितपावन' हा शब्द वारकऱ्याला शिकवावा लागत नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. दोन्हीकडच्या तत्त्वज्ञानात फरक आहेत आणि ते मोठे आहेत. पण 'मी पडलो, आता मला उचल' ही हाक दोन्हीकडे ओळखीची आहे.

सन 250: एका सरकारी दाखल्याने चर्चला पाडलेलं भगदाड

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पडलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न चर्चसमोर अगदी सुरुवातीलाच आला, आणि तोही हजारोंच्या संख्येने.

रोमन सम्राट डेसियस 249 मध्ये गादीवर आला. त्याने फर्मान काढलं, की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांपुढे नैवेद्य अर्पण करायचा, प्रसाद चाखायचा आणि नेमलेल्या पंचांकडून तसा दाखला घ्यायचा. हे दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकले. पपायरसवरचे चाळीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. मजकूर तहसील कचेरीतल्या अर्जासारखा: मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो आहे, आताही आपल्या समक्ष हुकमाप्रमाणे अर्पण केलं व प्रसाद चाखला, तरी आपण खाली सही करावी ही विनंती. त्याखाली साक्षीदारांच्या सह्या आणि तारीख.

ख्रिस्ती माणसाला हे करणं म्हणजे येशूला नाकारणं. काहींनी नकार दिला, तुरुंगात गेले, मेले. पण बहुतेक ठिकाणी पुष्कळांनी भीतीने अर्पण केलं. काहींनी मधला मार्ग काढला: अधिकाऱ्याचे हात ओले केले आणि अर्पण न करताच दाखला मिळवला. या सगळ्यांना लॅटिनमध्ये नाव पडलं 'लाप्सी', म्हणजे पडलेले.

वर्षभरात छळ ओसरला आणि पडलेले दारात आले. आम्हाला परत घ्या म्हणाले.

डोळ्यांपुढे आणा. एका बाकावर अशी बाई बसली आहे, जिचा नवरा दाखला नाकारून तुरुंगात मेला. दाराशी तिचा शेजारी उभा आहे, ज्याने पैसे चारून दाखला घेतला आणि दुकान चालू ठेवलं. आता दोघांनी एकाच भाकरीतून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने एकत्र घेतली जाणारी भाकरी आणि द्राक्षारसाचा प्याला, घ्यायचं. मी त्या बाईच्या जागी असतो तर माझं काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

रोममध्ये नोवातियन नावाचा विद्वान पुढारी म्हणाला, यांना परत घ्यायचं नाही. देव त्यांना क्षमा करेल तर करो, चर्चला तो अधिकार नाही. दुसऱ्या टोकाला भलताच प्रकार चालू होता. तुरुंगात छळ सोसून आलेल्यांचा मान मोठा, म्हणून पडलेले लोक त्यांच्याकडून शिफारसपत्रं आणू लागले. काही पत्रांत तर 'अमक्याला त्याच्या माणसांसह सामावून घ्या' एवढंच लिहिलेलं. त्याची माणसं म्हणजे किती? वीस? तीस? कार्थेजचा, म्हणजे आजच्या ट्युनिशियातला, बिशप सिप्रियन या पत्रांवर वैतागला. पत्र दाखवलं की पश्चात्तापाची गरजच उरत नव्हती.

सिप्रियनची स्वतःची बाजूही लंगडी होती. छळाच्या काळात तो लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला टोमणे ऐकावे लागत होते. तरी 251 मध्ये त्याने कार्थेजला बिशपांची सभा भरवली आणि एकेका प्रकरणाचा विचार सुरू झाला. लाच देऊन दाखला घेतलेल्यांना चौकशीनंतर परत घ्यायचं. प्रत्यक्ष अर्पण केलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं, मरणाच्या दारात त्यांना प्रभुभोजन द्यायचं. दोनेक वर्षांतच नव्या छळाची चिन्हं दिसली, तेव्हा बिशपांनी ठरवलं की जे इतके दिवस दारात थांबून रडत आहेत त्या सगळ्यांना आत्ताच आत घ्यायचं. कारण मला फार मोलाचं वाटतं: ज्यांना आपण ख्रिस्ताचा प्याला देत नाही, त्यांनी ख्रिस्तासाठी रक्त सांडावं असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पहिल्या वेळी पडलेला माणूस दुसऱ्या वेळी उभा राहायचा असेल, तर मधल्या काळात त्याच्या पोटात घरचं अन्न जायला हवं.

सिप्रियन पुढच्या एका छळात लपला नाही. 258 च्या सप्टेंबरमध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

पंगतीत जागा मिळाली, खुर्चीचं काय?

त्याच सुमाराला स्पेनमधल्या बासिलिदेस आणि मार्शियालिस या दोन बिशपांनीही दाखले घेतल्याचं उघड झालं होतं. त्यांना पद परत हवं होतं, रोमच्या बिशपाचा पाठिंबाही त्यांनी मिळवला. सिप्रियन आणि त्याच्या सभेने स्पेनच्या मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या चर्चना, कळवलं, की पश्चात्ताप करणारे म्हणून यांना जरूर जागा द्या, बिशप म्हणून नको.

आजच्या बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे, असं माझं मत आहे. पंगतीत पान मांडणं वेगळं आणि वाढप्याच्या हाती कोठीच्या किल्ल्या देणं वेगळं. जो प्रचारक चार महिन्यांत व्यासपीठावर परततो तो कृपा मागत नसतो, खुर्ची मागत असतो. लहान मुलांवर अत्याचार केलेल्या माणसासाठी आपण प्रार्थना करू शकतो, तुरुंगात जाऊन त्याला भेटू शकतो. पण त्याला पुन्हा मुलांच्या वर्गावर पाठवणं याला कृपा म्हणत नाहीत. तो मुलांचा विश्वासघात आहे.

पश्चात्ताप खरा आहे हे ओळखायचं कसं?

रडण्यावरून नाही ओळखता येत. जक्कयाची गोष्ट बघा. यरीहोतला मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू आपण होऊन म्हणाला, "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे." सगळा गाव कुरकुरला. येशू घरी आल्यावर जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. आधी पाहुणचार, मग परतफेड, हा क्रम उलटा करता येत नाही. आणि परतफेड गाळताही येत नाही.

सिनेमात दिसणारं कॅथलिक पापनिवेदन, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, तेही याच धर्तीवर चालतं. मनापासून दुःख हवं, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, चोरलेलं परत करायची तयारी हवी. ती नसेल तर जाळीपलीकडून धर्मगुरू उच्चारतो त्या क्षमेच्या शब्दांना काही अर्थ उरत नाही. म्हणजे रविवारी पाटी कोरी होते हे चर्चचं म्हणणंच नाही.

हे सगळं एका दिवसात होत नाही, हेही खरं. 'अमेझिंग ग्रेस' हे जगभर गायलं जाणारं गीत लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजांवर काम करत असे. 1748 मध्ये भर वादळात त्याने देवाचा धावा केला आणि तो आपल्या परिवर्तनाचा दिवस मानला. पण त्यानंतरही तो माणसं विकायला नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होताच. 1754 मध्ये थांबला तो तब्येतीमुळे. 1764 मध्ये चर्चचा पाळक, म्हणजे पाद्री, झाला. गीत पहिल्यांदा म्हटलं गेलं 1 जानेवारी 1773 ला. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पत्रक लिहून, आपण त्यात हात बरबटून घेतले होते अशी जाहीर कबुली दिली ती 1788 मध्ये. धंदा सोडल्यावर 34 वर्षांनी! तोवर किती जहाजं भरून गेली असतील. कृपेचं गाणं आधी आलं, पश्चात्ताप नंतर पूर्ण झाला, याने मला अस्वस्थ व्हायला होतं. पण त्याने ते लिहिलं, पुढे संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. 1807 च्या मार्चमध्ये ब्रिटनने तो व्यापार कायद्याने बंद केला, डिसेंबरमध्ये न्यूटन वारला.

ज्याचं नुकसान झालं, त्याने माफ केलंच पाहिजे का?

मार खाल्लेल्या बाईला "तू ख्रिस्ती आहेस ना, मग माफ कर आणि नांदायला जा" असं सांगणारे महाभाग आहेत. हा कृपेचा अपमान आहे. कर्ज सोडून द्यायचा हक्क ज्याचं येणं आहे त्याचाच, तिसऱ्याने त्याच्या वतीने उदार व्हायचं नसतं.

1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावात कुष्ठरुग्णांमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि कुष्ठरुग्णांचं काम सोडलं नाही. 2004 पर्यंत त्या इथेच राहिल्या. पण त्यांच्या क्षमेने खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला 2003 मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जन्मठेप कायम केली. त्यांनी मनातला द्वेष सोडला, न्यायालयाने आपलं काम केलं. एक दुसऱ्याच्या आड आलं नाही.

पेत्र, यहूदा आणि दार उघडं ठेवणारे लोक

एकाच रात्री येशूचे दोन शिष्य पडले. यहूदाने 30 रुप्यांना त्याला धरून दिलं. पेत्राने कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत असताना तीनदा सांगितलं, की मी या माणसाला ओळखत नाही. पस्तावा दोघांनाही झाला. यहूदा तर पैसे घेऊन याजकांकडे परत गेला, "मी पाप केलं" म्हणाला. ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तो गेला आणि त्याने गळफास घेतला.

पेत्र मात्र आपल्या सोबत्यांमध्ये राहिला. त्यांनी त्याला हाकललं नाही. पुढे एका पहाटे तलावाकाठी मरणातून पुन्हा उठलेल्या येशूने त्यांच्यासाठी न्याहारी तयार ठेवली होती, पुन्हा कोळशांच्याच विस्तवावर. नव्या करारात तो ग्रीक शब्द फक्त या दोन जागी येतो. आधी भाकरी आणि मासळी, मग तीनदा तोच प्रश्न: तू माझ्यावर प्रेम करतोस का? जखम उघडली, पण पोटात अन्न गेल्यावर. पेत्राला काम परत मिळालं, हे खरं. मी वर म्हटलेल्या खुर्चीच्या नियमाला हा अपवाद कुणी दाखवला तर मी एवढंच म्हणेन, की पेत्र भीतीने पडला होता. त्याने अधिकार वापरून कुणा दुबळ्याला लुटलं नव्हतं.

केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनच्या आवारात समाज ज्यांना 'बिघडलेल्या' म्हणत होता अशा स्त्रियांसाठी एक घर उभारलं. त्यातल्या कितीजणींना बिघडवणारे पुरुष उजळ माथ्याने फिरत असतील, कोण जाणे. रमाबाईंनी त्या घराचं नाव ठेवलं कृपासदन.

शेवटच्या बाकावर

आमच्या मंडळीत पूर्वी एक खजिनदार होते. इमारत निधीतले पैसे त्यांनी घरच्या आजारपणात वापरले आणि हिशेब दडवला. बोभाटा झाला. दोन वर्षं ते आलेच नाहीत. मग एका रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसले. सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या, कुणी मागे वळेना. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी आपलं गीतांचं पुस्तक, गीत काढून, त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांना चश्म्याशिवाय दिसत नव्हतं हे आजींच्या लक्षात आलं, तसा त्यांनी स्वतःचा चश्माही काढून दिला.

पैसे ते हप्त्याहप्त्याने फेडत राहिले, सहा वर्षं. नाताळच्या जेवणात भात वाढतात, मांडव घालतात, कुणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यांच्या आधी पोहोचतात. उपासनेनंतर टेबलावर दानपेटी उघडली, की ते आपण होऊन उठतात आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभे राहतात. मागच्या वर्षी पाळकसाहेबांनी त्यांना दारातच अडवलं, म्हणाले, "थांबा की, आज मोजायला माणूस कमी आहे."

"नको साहेब," ते म्हणाले. "बाकावर बसू देता तेवढं पुष्कळ आहे." आणि चपला घालून झाडाकडे गेले.